एकी की बेकी

कशेळीच्या पुलावर नेहमीसारखं तुंबलंय. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधल्या फटीत तुमची रिक्षा. काचेपाशी लिंबू-मिरची लटकतेय. मिरच्या काळ्या पडल्यात, लिंबू सुकून सुपारीएवढं झालंय. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलंय, म्हणजे वीस मिनिटांची निश्चिंती. तुम्ही उतरता, कठड्यावरून डोकावता. खाडीला ओहोटी लागलीय. कल्याणकडून आलेलं गढूळ पाणी घोडबंदरकडे सरकतंय आणि काठाच्या चिखलात रुतलेली एक जुनी होडी हळूहळू मोकळी होतेय.

मागे जायचं तर ओहोटी धरावी. उतरा खाली. चपला हातात घ्या, चिखल पोटरीपर्यंत येईल. होडीत एक सूप पडलंय, सुपाच्या कडेला तांदळाचे चार दाणे अडकलेत. राहू द्या तसेच.

पहिल्या वळणाला पुलाचे हॉर्न ऐकू येईनासे होतात. दुसऱ्याला गोदामांचे निळे पत्रे जातात आणि त्यांच्या जागी भाताची खाचरं येतात. राहनाळ, वळ, पूर्णा, सगळीकडे आधी हेच होतं. पुढे डाव्या हाताला साष्टी, म्हणजे फिरंग्यांचा, पोर्तुगिजांचा मुलूख. उजव्या हाताला भिवंडी, जी शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याणबरोबर घेतली होती. मधे एवढीशी खाडी. पण ती ओलांडली की देव बदलतो, कायदा बदलतो, आणि कुणाला पापी म्हणायचं तेही बदलतं. खाडीच्या तोंडाशी वसईचा कोट उभा आहे. साल १६७४, महिना जानेवारी.

कोटातल्या तुरुंगात एक फ्रेंच डॉक्टर बसलाय. शार्ल देलॉं, वय चोविसाच्या आसपास. दमणमध्ये धर्मावर नको तितकं बोलला, शिवाय एका बाईपायी दमणच्या गव्हर्नरची मर्जी गेली, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. आता त्याला गोव्याला नेणार आहेत. त्याच गलबतात तुम्हालाही बसवतात. तुम्ही कोण, हे कुणी विचारत नाही. विचारतील, पण तिथे पोचल्यावर.

गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्याला लोक ‘व्हडलें घर’ म्हणतात, मोठं घर. नावात भीती नाही, म्हणूनच ते नाव जास्त घाबरवतं. १५६० पासून हे घर चालू आहे, मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चालेल. तुम्हाला एका दालनात उभं करतात. लांब टेबल, भिंतीवर मोठा क्रूस, टेबलावर चांदीची लहानशी घंटा. पलीकडचा माणूस शांत आहे, जवळजवळ प्रेमळ. तो तुमच्यावर कसलाच आरोप ठेवत नाही. एवढंच विचारतो:

“तुला इथं का आणलंय, ठाऊक आहे?”

तुम्ही म्हणता, नाही. तो म्हणतो, आठवून पाहा. तुम्हाला कोठडीत परत नेतात. काही दिवसांनी पुन्हा तेच दालन, तीच घंटा, तोच प्रश्न. आरोप काय ते सांगायचं नाही, साक्ष कुणी दिली तेही सांगायचं नाही, अशी इथली रीतच आहे. आरोप कैद्यानेच आपल्या तोंडाने आणायचा. तुम्ही विचार करू लागता. त्या दिवशी ताप उतरावा म्हणून शेजारणीने दिलेला ताईत? मुलाची दृष्ट काढताना पुटपुटलेलं काही? तिसऱ्या-चौथ्या खेपेला बहुतेकांना काहीतरी आठवतंच. ज्याला काहीच आठवत नाही, तो हट्टी ठरतो, आणि हट्टी माणसाची शिक्षा जास्त कडक असते.

१२ जानेवारी १६७६, रविवार. उजाडायच्या आधी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजते. सगळ्यांना अनवाणी रांगेत उभं केलंय, अंगावर पिवळे झगे. काहींच्या डोक्यावर साखरेच्या ढेपेसारख्या उंच निमुळत्या टोप्या चढवल्यात, त्यांवर सैतान आणि ज्वाळा रंगवल्यात. ती टोपी दिसली की समजायचं, हा जादूटोण्याचा गुन्हेगार. रस्त्यातल्या खड्यांनी तुमचे तळवे फाटतात. दुतर्फा गर्दी आहे. देलॉं थोडा पुढे चालतोय. तो वाचेल, पाच वर्षांच्या सक्तमजुरीवर पोर्तुगालला जाईल, पुढे फ्रान्सला पोचेल आणि १६८७ मध्ये हे सगळं पुस्तकात छापेल. आपल्या अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहिला, तेव्हाही त्याच फ्रेंचाची साक्ष त्यांना पुन्हा मांडावी लागली. आतलं दालन पाहून बाहेर येऊन सविस्तर बोलणारे फारच थोडे.

त्या दिवशी नदीकाठी जिवंत जाळलेली माणसं दोन, एक पुरुष आणि एक बाई. दोघंही इथलीच, काळी, ख्रिस्ती झालेली. गुन्हा जादूटोणा, तोही दुसऱ्यांदा. बाकी जाळल्या त्या आधीच मेलेल्यांच्या हाडांच्या पेट्या. देलॉंच्या पुस्तकात या दोघांच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात. त्यांच्या दालनात प्रश्न किती वेळा विचारला गेला असेल, आणि चौथ्या खेपेला त्यांना काय आठवलं असेल, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. तुमचेही तळवे अजून ठणकतायत.

इथे जरा थांबून युरोपकडे पाहू, नाहीतर हा सगळा दोष एकट्या पोर्तुगिजांच्या माथी जाईल, आणि ते खरं नाही. साधारण १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत युरोपात चाळीस-पन्नास हजार माणसं चेटकाच्या आरोपावरून मारली गेली. त्यात बायका जास्त, आणि सगळ्यात मोठा वाटा जर्मन मुलखाचा. इन्क्विझिशनच्या देशांत चेटकिणी तुलनेने कमीच जळल्या, कारण या दरबाराचं खरं लक्ष धर्म सोडणाऱ्यांवर होतं. स्पेनमध्ये तर सालाझार नावाचा एक इन्क्विझिटर निघाला. १६११ मध्ये तो नवाराच्या डोंगराळ गावांमधून फिरला, १,८०० हून जास्त कबुल्या ऐकल्या, आणि त्या पडताळून पाहिल्या. चेटकाची म्हणून दाखवलेली मलमं तपासली. सैतानाची सभा कुठे भरते म्हणून एकेकाला वेगवेगळं विचारलं, तर उत्तरं एकमेकांशी जुळेनात. शेवटी त्याने वर कळवलं की चेटकाचा एकही पुरावा सापडला नाही. खुर्ची तीच, अधिकार तेच. फक्त ‘कुणीच नाही’ हेसुद्धा उत्तर असू शकतं, एवढं त्याने मान्य केलं. १६१४ नंतर स्पेनच्या इन्क्विझिशनने चेटकिणी जाळणं जवळजवळ बंदच केलं. देलॉंच्या मिरवणुकीच्या साठ वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणजे शहाणपण तेव्हाही ठाऊक होतं, पण गोव्याच्या गलबतात त्याला कुणी जागा दिली नाही.

अमेरिकेतल्या सालेमचं प्रकरण १६९२ चं. तिथे एकोणीस जणांना फासावर दिलं आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं. त्या प्रकरणाच्या सुरुवातीला एका शेजारणीच्या सांगण्यावरून आजारी मुलींचं मूत्र राय नावाच्या धान्याच्या पिठात मळलं, त्याची भाकर भाजली आणि कुत्र्याला घातली. चेटूक कुणी केलं ते त्यावरून कळणार होतं. इथे तांदूळ, तिथे राय. ज्या धान्यावर पोट, त्यालाच प्रश्न.

गलबत उत्तरेला वळतं. जुलै १७२४. मुंबईत पाऊस कोसळतोय. ईस्ट इंडिया कंपनीच्या कोर्टात दमट लाकडाचा वास आहे. समोर एक देशी बाई उभी आहे. इंग्रजांच्या कागदांत तिचं नाव बास्तोक असं लागलंय. आरोप चेटकाचा. ती आजाऱ्यांना बरं करायला तांदूळ वापरते. दाणे ओवाळायचे, टाकायचे, काहीतरी म्हणायचं. ती ते नाकारतही नाही. नाकारायचं काय त्यात? तुमच्या आजीने तुमच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या नव्हत्या?

इंग्लंडच्या कायद्यात या घटकेला चेटकाला फाशी आहे, १६०४ चा कायदा अजून पुस्तकात तसाच आहे. पण तिथल्या शिकल्या-सवरल्या माणसांचा चेटकिणींवरचा विश्वास उडत चाललाय. शेवटची बाई दोषी ठरली ती १७१२ मध्ये, आणि तिलाही राणीने माफी दिली. आणखी अकरा वर्षांनी, १७३५ मध्ये, तो कायदाच रद्द होईल आणि गुन्हा उलटा होईल: चेटूक येतं असा दावा करणं हाच गुन्हा. मुंबईचे साहेब या दोहोंच्या मधे बसलेत. ही बाई सैतानाशी संग करते असं काही त्यांना वाटत नाही. ती अज्ञानी आहे, असं ते ठरवतात. आता अज्ञानी असेल तर समजावून घरी पाठवावी की नाही? शिक्षा होते ती चर्चच्या दारात अकरा फटक्यांची आणि वर प्रायश्चित्ताची.

मला विचाराल तर हा निकाल गोव्याच्या चितेपेक्षा जास्त बोचतो. चिता पेटवणाऱ्याचा निदान सैतानावर विश्वास होता. इथे विश्वास संपलाय, तरी फटका चालूच. तुम्ही चर्चच्या दाराशी पावसात उभे राहून मोजता. पाच. सहा. सात. एकी, बेकी, एकी. अकरा म्हणजे एकी.

परत वसईच्या खाडीत शिरताना वाटेत एक फर्मान कानावर येतं. गोव्याच्या इन्क्विझिशनने एप्रिल १७३६ मध्ये काढलेलं. बाटलेल्या माणसांनी हिंदूंच्या कोणत्या चाली पाळायच्या नाहीत, त्याची ही लांबलचक यादी. दारी तुळस नको, लग्नात अमुक नको, तमुक नको. आणि त्यातच एक कलम, भात मिठाशिवाय शिजवून वरून मीठ घालून घ्यायचं नाही. दोनदा वाचा. टोपात मीठ घातलं की नाही, एवढ्यावरून चूल कुणाच्या देवाची ते ठरणार. शेजारणीने डोकावून पाहिलं तर तक्रार ऐकायला कान तयारच आहेत.

तीनच वर्षांत वसई पडते. मे १७३९. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, कोट हाती आला की तुझं देऊळ बांधीन. ते देऊळ तुम्हाला ठाऊक आहे, आजच्या भिवंडी तालुक्यात, तानसेकाठी, अकलोलीच्या गरम कुंडांपासून हाकेच्या अंतरावर. कोटासारखीच तटबंदी आणि चढायला दगडी पायऱ्या. फिरंगी गेले, व्हडलें घर दूर राहिलं. आता सुटलो, असं म्हणत तुम्ही कुंडात पाय सोडून बसता.

सुटला नाहीत. पेशव्यांच्या रोजनिशा काढून पाहा. काळी विद्या करणाऱ्यांना हुडकून शिक्षा करणं हे तिथे सरकारी कामांत मोडतं, आणि कोकणपट्टी तर या कामासाठी खास. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० च्या सुमाराला या रोजनिशांवर निबंध लिहिला, तेव्हा ही पानं त्यांनी लपवली नाहीत. इन्क्विझिटर गेला आणि भूत उतरवणारा पंचाक्षरी आला. मी हे कुचेष्टेने लिहीत नाही. मुलूख बदलला तरी पटकीने मूल जातं, गाईचं दूध आटतं, आणि ते का झालं याचं उत्तर कुणाला तरी द्यावंच लागतं. उत्तर देणाऱ्याला सरकारने पागोटं दिलं की झालं.

आणि आता होडी अशा जागी लागते जिथे कागद नाही. १९४५ ची, वैशाखातली रात्र, तानसेच्या वरच्या अंगाला वारल्यांचा एक पाडा. याच वर्षी जानेवारीत तिकडे टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. वेठबिगारीविरुद्ध उठायचं, असं गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यात जाऊन सांगतायत. या पाड्याने अजून ते ऐकलेलं नाही. इथे चार दिवसांपासून एक पोर तापाने फणफणलंय.

तुमच्या अंगावर आता जुनेर आहे. तुम्ही पाड्याच्या टोकाच्या झोपडीत एकट्या राहता. नवरा वारला, मूल नाही. दिराच्या वरकस जमिनीत तुमचा एक तुकडा आहे. गेल्या आठवड्यात त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवून तुम्ही म्हणालात, “किती गोड दिसतं हो.” एवढंच.

आवारात भगत बसलाय, पुढ्यात सूप. तो पोरावरून मूठभर तांदूळ उतरवतो आणि सुपात टाकतो. मग चिमटीने दाणे उचलून तळहातावर दोन-दोन करून सारतो. पणतीच्या उजेडात दाणे पिवळे दिसतात. एखादा तुटका, एखाद्यावर तूस तसंच. तुटका मोजायचा की नाही ते भगताच्या बोटांना ठाऊक.

“बाहेरचं का पाड्यातलं?” चिमूट. बेकी. पाड्यातलं.

“बापई का बाई?” चिमूट. बाई.

“वरल्या अंगाची का खालल्या?” चिमूट.

लोक कुजबुजतायत. भगत कुणाचंच नाव घेत नाही, नावं कुजबुजीतून येतात. गोव्याच्या दालनात आरोप तुमच्याकडूनच काढून घेत होते, इथे नाव गर्दीकडून काढून घेतात. गणित साधं आहे. प्रत्येक चिमटीला निम्मी माणसं गळतात. बत्तीस माणसांच्या पाड्याला पाच चिमटी पुरतात: सोळा, आठ, चार, दोन, एक. तांदूळ कुठलेही घ्या, मोजणारा कितीही प्रामाणिक असू द्या, पाचव्या चिमटीला एक माणूस उरतोच. ‘कुणीच नाही’ या उत्तराला त्या सुपात घरच नाही. तो नवाराचा सालाझार इथे असता तर त्याने तेच दाणे गोळा करून पुन्हा टाकायला लावले असते, आणि मग पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी तीच बाई येते का, बघू.

पाचवी चिमूट. कुजबूज थांबते. सगळ्यांची तोंडं तुमच्याकडे वळतात, आणि त्यात दीर सगळ्यात शेवटी. त्याला फारसं नवल वाटलेलं दिसत नाही.

“भुताळी.”

हा शब्द तुमच्यासाठी आहे, हे कळायला क्षण लागतो. पोराला बघायला तुम्ही पुढे होता, तर आई त्याला पदराखाली ओढून घेते. ते हातच तुम्हाला जास्त लागतात. पुढचं मी लिहीत नाही. खानदेशात आणि डांगात भिल्लांमध्ये अशा बाईला डाकीण म्हणत. तिला झाडाला उलटं टांगून झोके देत, डोळ्यांत मिरची भरत. कशासाठी, तर कबूल कर म्हणून. इंग्रजांनी बंदी घातली तरी कित्येक वर्षं ते चालू राहिलं. सातपुड्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डाकीण प्रथेविरुद्ध अगदी अलीकडेपर्यंत गावोगाव हिंडलेत. कबुलीवर मात्र सगळ्यांचीच श्रद्धा एकसारखी, क्रूसवाल्याची आणि मिरचीवाल्याचीही.

भरती लागलीय. पळा. होडी खाली बांधलीय.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होतो, आणि त्यांनी मागितलेला, वर्षानुवर्षं अडलेला कायदा चार दिवसांत अध्यादेश बनून बाहेर येतो. डिसेंबरात विधिमंडळ तो मंजूर करतं. नाव इतकं लांब की कोर्टातले कारकूनही ‘जादूटोणाविरोधी’ एवढंच म्हणतात. त्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत. त्यांतली एक होडीतच वाचा: अमुक माणूस करणी करतो, मंत्र-तंत्राने जनावरांचं दूध आटवतो असं सांगून त्याच्याबद्दल संशय पसरवणं, त्याचं जगणं मुश्कील करणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. आजवर पाहिलेल्या सगळ्या कोर्टांत तुम्ही उभे होता, आणि सूप, घंटा किंवा चाबूक समोरच्याच्या हातात होता. इथे पहिल्यांदाच सूपवाल्याला उभं केलंय.

तरी ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात म्हाताऱ्या बायका-पुरुषांना चौकात खांबाला बांधून मारलं. संशय भानामतीचा. बघायला गाव होतं.

चिखल. पोटरीपर्यंत. हातात चपला. वर कशेळीचा पूल, कंटेनर जिथल्या तिथे, तुमची रिक्षाही. काठावरच्या घराच्या ओट्यावर एक आगरी म्हातारी सूप घेऊन बसलीय. लुगडं गुडघ्यापर्यंत, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. ती रेशनचे तांदूळ निवडतेय. सूप जरा झटकते, दाणे पुढे सरकतात, खडे मागे राहतात. खडा दिसला की चिमटीने उचलून ओट्याखाली टाकते. बाकी दाणे डबड्यात.

तुम्ही पाय धुवायचे सोडून तिच्या बोटांकडे बघत उभे राहता.

“काय बघतंस?” ती मान न वळवता विचारते. “चा घेशील का?”

“नको, रिक्षा थांबलीय,” तुम्ही म्हणता. पण पाय हलत नाहीत. तिच्या चिमटीत आत्ता तीन दाणे आहेत, खड्याबरोबर चुकून उचललेले. ते ती सुपात परत टाकते. तुम्ही मनातल्या मनात मोजलेले असतात. एकी.